गोदाचं आधीचं घर

गोदा आमच्या घरी आली तेव्हा तिचं निम्म्याहून अधिक आयुष्य होऊन गेलं होतं. पुढचे दात झिजून सपाट झालेले, सुळ्यांवर पिवळं किटण, काळ्याभोर तोंडावर नाकाकडून मागे पसरत गेलेले पांढरे केस. डॉक्टरांनी दातांवरून सात-आठ वर्षांचा अंदाज केला. मागचा डावा पाय कधीतरी मोडून, उपचार न होता, तसाच वाकडा जुळला होता. चालताना ती तो पाय टेकवायची, पळताना मात्र पोटाशी घेऊन तीन पायांवर सुसाट जायची. एका कानाच्या टोकाला त्रिकोणी खाच होती. नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्यांना ती खूण करतात, म्हणजे त्यांना त्यासाठी पुन्हा पकडलं जात नाही.

पाच वर्षांहून थोडा जास्त काळ ती आमची होती. पण तिची गोष्ट ती आमच्या दारातून आत आली तिथून सुरू करून भागत नाही. तिच्यामागे एक आख्खं आयुष्य होतं. त्याची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती. ती गोदाच्या सवयींमध्ये होती आणि ती समजायला आम्हाला काही वर्षं लागली.

२०१६ साली पुण्यातल्या आमच्या घरात आम्ही पाच जण होतो: सासूबाई, सासरे म्हणजे अण्णा, माझा नवरा, शाळकरी लेक आणि मी. लेकीला कुत्रं हवं होतं, अण्णांना नको होतं. अण्णांचं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. तिथल्या जिन्यात कुत्रा चावला म्हणून त्यांना पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस रोज एक याप्रमाणे पोटाच्या कातडीखाली टोचत. ज्यांनी ती घेतली, ते ते दुखणं जन्मात विसरत नाहीत. आता दंडात टोचायच्या, कितीतरी सुरक्षित लसी आहेत, आणि ती जुनी लस या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांतच देशातून हद्दपार झाली, हे अण्णांना ठाऊक होतं. तरी कुत्रं जवळ आलं की त्यांचा हात आपोआप पोटावर जायचा.

अण्णांची दुसरी आठवण महापालिकेच्या कुत्रे धरणाऱ्या गाडीची होती. पहाटे गाडी यायची, माणसं कुत्र्यांची मानगूट पकडून त्यांना आत ढकलायची आणि चाळीतल्या पोरांना कळायचं की ती आता परत यायची नाहीत. अण्णा म्हणायचे, "मला कुत्र्याची भीती वाटायची, पण त्या गाडीची जास्त वाटायची." मुंबईतला हा वाद तसा फार जुना. १८३२च्या जूनमध्ये कंपनी सरकारच्या पोलिसांनी भटकी कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, बाजार बंद पडले, फौजेला जाणारा पुरवठा अडला. १८७४ साली मुंबईत प्राण्यांवरच्या क्रौर्याला आळा घालणारी संस्था निघाली आणि पुढच्या दशकात दिनशा पेटिट यांच्या दानातून परळला त्यांच्या पत्नीच्या, बाई साकरबाईंच्या, नावाचं जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं. ते आजही चालू आहे. एकीकडे हे इस्पितळ आणि दुसरीकडे ती गाडी, अशा शहरात अण्णा वाढले. कुत्री मारण्याची ती पद्धत मुंबईत थांबली ती थेट १९९०च्या दशकात. त्यामुळे लेकीने फारच धोशा लावला तेव्हा अण्णांनी निकाल दिला तो असा: "आणायचंच असेल तर विकत आणू नका. ज्याला जागा नाही असं आणा."

म्हणून आम्ही शहराबाहेरच्या एका शेल्टरमध्ये गेलो. पाऊस होता. पत्र्याच्या लांब शेडमध्ये जाळीचे कप्पे, ओली फरशी, जंतुनाशकाचा वास. एका कडेला भल्यामोठ्या पातेल्यात तांदूळ, चिकन आणि हळद एकत्र शिजत होतं. पार्व्हो आणि डिस्टेंपर झालेल्या पिल्लांचा विभाग वेगळा, तिकडे कोणाला जाऊ देत नव्हते, कारण पार्व्होचा विषाणू माणसाच्या चपलांवरूनही निरोगी पिल्लांपर्यंत जातो. तिथल्या स्वयंसेवक मुलीने आम्हाला शेल्टरची रीत समजावून सांगितली. नसबंदीसाठी आणलेली कुत्री इथे थोडेच दिवस असतात. टाके भरले, लस टोचली की त्यांना जिथून आणलं त्याच गल्लीत सोडायचं, असा तेव्हाच्या, २००१च्या नियमांचा दंडक होता. कुत्र्याचा इलाका हेच त्याचं घर असतं, हे त्या नियमाने मान्य केलेलं होतं. मग शेल्टरमध्ये कायमची राहतात ती कोण? आंधळी, लुळी, म्हातारी; आणि ज्यांची गल्लीच उरलेली नाही ती.

गोदा त्या शेवटच्या प्रकारातली होती. खराडीच्या बाजूला नव्याने उभ्या राहिलेल्या उंच इमारतींजवळ ती सापडली होती. मोडका पाय घेऊन एका बंद गेटपाशी बसून असायची. तिथे बाग, कुंपण, पहारेकरी सगळं झालं होतं. "हिला तिथे सोडून उपयोग नव्हता," ती मुलगी म्हणाली. "ती ज्या जागेवर राहायची, ती जागाच आता नाही."

शेल्टरमध्ये येणारी माणसं आधी पिल्लांकडे जातात. आमची लेकही गेली. सासूबाई मात्र पाय दुखतात म्हणून मोठ्या कुत्र्यांच्या शेडपाशी बाकावर टेकल्या आणि त्यांना गोदा दिसली. बाकीची कुत्री जाळीशी येऊन उड्या मारत होती, भुंकत होती. ही मागच्या भिंतीला टेकून बसली होती आणि तिची नजर फाटकाच्या कडीवर होती. कोणी कडी वाजवली की मान वर करायची, येणाऱ्या माणसाचा चेहरा बघायची आणि परत मान खाली. सासूबाई म्हणाल्या, "ही कुणाची तरी वाट बघतेय. हिला न्यायचं." त्या माहेरच्या नाशिकच्या, म्हणून नावही त्यांनीच ठेवलं: गोदा.

नेणं इतकं सोपं नव्हतं, आणि ते तसं नसावंच. फॉर्ममध्ये बरेच प्रश्न होते. घर स्वतःचं की भाड्याचं, घरातल्या सगळ्यांची संमती आहे का, कुत्रं रात्री कुठे झोपणार, गावाला गेलात तर कोण बघणार, दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्याल का. मग ती मुलगी घर बघायला आली. बाल्कनीच्या गजांतलं अंतर तिने हाताने मोजलं, अण्णांशी वेगळं बोलली आणि निघताना म्हणाली, "तीन दिवस ती घाबरलेली असेल. तीन आठवड्यांत घराची वेळ तिला कळेल. हे आपलं घर आहे असं वाटायला तीन महिने लागतील. तोवर तिच्याकडे काही मागू नका." शेल्टरची माणसं हा हिशोब सगळ्यांनाच सांगतात. तो आम्ही शब्दशः पाळला. तिला हाका मारल्या नाहीत, उचललं नाही, पाहुण्यांना दाखवलं नाही. पहिले काही दिवस ती जेवणाच्या टेबलाखालून बाहेर आली नाही. ताटली ठेवून आपण खोलीबाहेर गेलो की खायची, परत आलो की थांबायची.

पुढे ती टेबलाखालून बाहेर आली आणि एकेक सवय दिसू लागली.

पहिली सवय झोपण्याची. तिला मऊ गादी केली होती, ती तिने वापरली नाही. रात्री मुख्य दाराशी, उंबऱ्याला समांतर, तोंड बाहेरच्या बाजूला करून पडायची. त्याआधी एक फेरी असायची. प्रत्येक खोलीत जायचं, प्रत्येक अंथरुणाशी थांबून वास घ्यायचा, मग दाराशी. घरातलं एक माणूस जरी बाहेर असलं तरी ती आडवी व्हायची नाही. नवरा रात्रपाळीला असला की पहाटेपर्यंत बसून राहायची. हे तिला आम्ही शिकवलेलं नव्हतं.

दुसरी सवय खाण्याची. बिस्किटं, पाव, दुकानातलं कुत्र्यांचं खाणं यांकडे ती बघायचीही नाही. वरणभात खायची, पण खायचा म्हणून. त्या डिसेंबरात भीमथडी जत्रेतून आम्ही सोलापूरकडच्या ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणल्या. सासूबाईंनी त्यातली एक मोडली आणि त्या आवाजाला गोदा दुसऱ्या खोलीतून धावत आली. दोन पायांत भाकरी धरून, डोळे अर्धवट मिटून, तिने ती शेवटच्या कणापर्यंत खाल्ली. आमच्या घरात ती पहिल्यांदाच शेपटी हलवताना दिसली, ती त्या दिवशी.

तिसरी सवय साड्यांची. सासूबाईंच्या सुती नऊवारी बाल्कनीत वाळत घातल्या की गोदा त्यांच्या बरोबर खाली जाऊन पडायची. वाऱ्याने साडी हलली की मान उचलून वर बघायची आणि परत पडायची. दुसरे कपडे असले तर जायची नाही.

आणि चौथी, जिच्यामुळे आमच्या जिवाला घोर लागायचा. सोसायटीत कोणाचं सामान हलवायला टेंपो आला, सामान भरून झालं आणि फाळका धाडकन लावला, की गोदा थरथरायला लागायची. फटाक्यांना ती भ्यायची, गडगडाटाला भ्यायची, पण त्या भीतीत ती लपायची. टेंपोचा फाळका वाजला की ती लपत नसे. दाराकडे धाव घेऊन नखांनी दार ओरबाडायची. टेंपो निघून गेल्यावर कितीतरी वेळ दाराशी उभी राहायची.

या चारही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं तेव्हा कोणाच्या मनात आलं नव्हतं.

अण्णांची आणि तिची दोस्ती तिच्या आजारपणात झाली. पुढच्या पावसाळ्यात तिने दोन दिवस खाणं सोडलं. अंग तापलं होतं. कुत्र्याचं तापमान एकशे एक ते एकशे अडीच अंशांच्या आसपास असतं, तिचं एकशे पाचवर गेलं. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या, पोटावर बारीक लाल ठिपके आले होते. गोचिडताप. तपकिरी गोचीड चावली की रक्तात जंतू जातात आणि प्लेटलेट मोडायला लागतात. निरोगी कुत्र्याच्या दोन लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतात, तिच्या काही हजारांवर आल्या होत्या. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या महिनाभर द्यायच्या होत्या आणि पहिले काही दिवस सलाइन. आम्ही दोघं नोकरीला, लेक शाळेत. दवाखान्यात तिच्याजवळ बसायला अण्णाच होते. पहिल्या दिवशी ते खुर्ची दूर ओढून बसले. नंतर कधीतरी संध्याकाळी मी पोचले तेव्हा सलाइनची नळी लावलेला तिचा पाय अण्णांच्या मांडीवर होता आणि पोटावर जाणारा त्यांचा तो हात तिच्या डोक्यावर होता. मी काही बोलले नाही. तिची फेरी पुन्हा सुरू झाली तेव्हा ती अण्णांच्या खोलीपासून सुरू व्हायला लागली.

सोसायटीच्या सभेत एकदा कुत्री ठेवायला बंदी घालावी असा ठराव आला. अण्णा उठले आणि भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना त्यांनी वाचून दाखवल्या: बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. लिफ्ट वापरू द्यावी लागते, आणि मालकाने घाण उचलावी, इतरांना त्रास होऊ देऊ नये, हेही त्यात आहे. "आमच्याकडून दुसरा भाग चुकला तर सांगा," ते म्हणाले, "पहिला भाग मी तुम्हाला सांगितला आहे." ठराव मागे घेतला गेला.

२०१८मध्ये समोरची जुनी तीन मजली इमारत पुनर्विकासासाठी पाडली. पायाचं काम सुरू झालं, कडेला पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या आणि कलबुर्गीकडची मजूर कुटुंबं तिथे राहायला आली. काँक्रीट मिक्सरची घरघर, सळया तोडल्याचा आवाज, धूळ. शेजारीपाजारी सगळे वैतागले होते. गोदा मात्र त्या आवाजात आमच्या घरात प्रथमच गाढ झोपायला लागली. दुपारी चक्क दिवाणखान्याच्या मध्यावर, चारही पाय पसरून.

एके संध्याकाळी मी तिला फिरवायला नेलं असताना तिने पट्टा ओढत मला त्या साइटच्या फाटकाशी नेलं. आत चुलीवर एक तरुण बाई भाकरी भाजत होती. तिच्या शेजारी दोन बल्ल्यांना जुन्या सुती साडीची झोळी बांधली होती आणि झोळीत तान्हं मूल होतं. बाईने वर पाहिलं आणि सहज म्हणाली, "बा इल्ली."

गोदाचे कान ताठ झाले. ती सरळ आत गेली. बाई म्हणाली, "कूतको," आणि गोदा बसली. आम्ही दोन वर्षं मराठीत, हिंदीत, इंग्रजीत तिला 'बस' म्हणून पाहिलं होतं. ती कधी बसली नव्हती. ती त्या बाईसमोर बसली, मग उठून झोळीखाली गेली, तिथे अंगाची वळकटी करून पडली आणि तिने तोंड बाहेरच्या बाजूला केलं.

मी तिथेच विटांच्या थराशी उभी राहिले. साडी, भाकरी, दारातली झोप, माणसांची मोजदाद, सगळं एका क्षणात कळलं.

बाईला मी गोदाची हकिकत सांगितली. तिला त्यात नवल वाटलं नाही. ती तिच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाली, "साइटवर कुत्रं असतंच, ताई. रात्री लोखंड राखतं. आम्ही वर कामावर असलो की लेकराजवळ बसतं. आमच्यातलं खातं."

"आणि काम संपलं की?"

"टेंपो येतो. सामान भरतात, आम्हाला बसवतात. मुकादम कुत्र्याला चढवू देत नाही. कुठं ठेवणार नव्या साइटवर?"

"मग?"

"मग पळत येतं मागं. लांबपर्यंत येतं." तिने भाकरी उलटली. "लेकरं रडतात."

मोठं कुत्रं शेल्टरमधून आणलं की येणारेजाणारे हमखास म्हणतात, कोण निर्दय माणसं असतील, एवढं गुणी जनावर रस्त्यावर सोडून दिलं. गोदाबद्दलही कितीतरी जणांनी म्हटलं. त्या संध्याकाळनंतर आमच्या घरी ते वाक्य कोणी बोललं की सासूबाई त्यांना थांबवायच्या. गोदाला कोणीतरी आपल्या ताटातली भाकरी दिली होती. आपलं तान्हं मूल तिच्या भरवशावर ठेवून कोणी बाई डोक्यावर घमेलं घेऊन चौथ्या-पाचव्या मजल्यावर चढली होती. एवढा विश्वास आपण सख्ख्या शेजाऱ्यावरही टाकत नाही. त्या माणसांपाशी माया भरपूर होती. पत्ता तेवढा नव्हता. ज्यांनी त्या शेकडो फ्लॅटांच्या भिंती उभ्या केल्या, त्यांना स्वतःला त्या आवारात राहायचा हक्क नव्हता, मग त्यांच्या कुत्रीला कुठून असणार? खराडीच्या त्या गेटपाशी गोदा बसायची ती जागा बहुधा तिच्या माणसांच्या पत्र्याच्या खोलीची होती.

त्यानंतर रोज संध्याकाळी गोदा तासभर साइटवर असायची. झोळीतलं बाळ रांगायला लागलं, मग चालायला लागलं, आणि चालताना त्याने आधार घेतला तो गोदाच्या पाठीचा. वाकडा पाय सांभाळत ती त्याच्या गतीने पावलं टाकायची. आमच्या लेकीने तिथल्या मुलांकडून कानडी शब्द शिकून घेतले. घरात गोदाशी बोलायची भाषा आता अर्धी कानडी झाली.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि साइट बंद पडली. काम नाही, मजुरी नाही, मुकादमाचा फोन लागेना. त्या खोल्यांमधली माणसं अडकून पडली. सोसायटीत कुत्रीबंदीचा ठराव मांडणाऱ्या गृहस्थांनीच धान्याची वर्गणी जमवायला पुढाकार घेतला. दोन घरांनी पोळ्या करायच्या, दोघांनी भाजी, आम्ही भाकऱ्या. डबे पोचवायला तोंडाला फडकं बांधून अण्णा जायचे आणि बरोबर गोदा. मे महिन्यात परवानगीचे कागद झाले आणि गावाकडे जाणाऱ्या गाडीत त्यांना जागा मिळाली. गाडीपर्यंत न्यायला टेंपो आला.

आम्ही सगळे निरोप द्यायला खाली गेलो. गोदाला घरात कोंडून ठेवावं का, यावर आदल्या रात्री आमचं बोलणं झालं होतं. लेक म्हणाली, "आधीच्या वेळी तिला कोणी सांगितलं नव्हतं. या वेळी तिला निरोप घेऊ दे." बाईने गोदाचं तोंड दोन्ही हातांत धरून तिच्याशी बरंच काही बोलून घेतलं. मुलाने तिच्या गळ्याला मिठी मारली. सामान चढलं, माणसं चढली आणि फाळका लागला.

गोदा थरथरली. टेंपो निघाला तशी तीन पायांवर मागे धावली, कोपऱ्यापर्यंत गेली. पट्टा अण्णांनी आधीच सोडला होता. कोपऱ्यावर ती थांबली. टेंपो वळला त्या दिशेला बघत उभी राहिली, खूप वेळ. आमच्यापैकी कोणीही हाक मारली नाही. मग ती वळली, आम्हा पाच जणांकडे बघितलं आणि चालत परत आली. रात्री ती फेरीला निघाली, सगळ्यांची अंथरुणं हुंगली आणि दाराशी आडवी झाली. त्यानंतर फाळक्याच्या आवाजाला ती मान वर करायची, कान टवकारायची, पण दार ओरबाडलं नाही. तिची माणसं घरात होती.

शेवटचं दीड वर्ष तिच्या म्हातारपणाचं. डोळ्यांवर निळसर झाक आली, मागचे पाय अवघडले, पाणी फार प्यायला लागली. तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. कुत्र्यांच्या मूत्रपिंडांचं दोन-तृतीयांशाहून अधिक काम बंद पडेपर्यंत बाहेर काही दिसत नाही, त्यामुळे कळतं तेव्हा बरंच उशिरा कळलेलं असतं. डॉक्टरांनी घरीच कातडीखाली सलाइन द्यायला शिकवलं. खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलायची, त्या पोकळीत सुई सरकवायची आणि बाटली उंच धरायची. पाणी आत जाईल तशी पाठीवर पिशवी तयार होते आणि काही तासांत ती जिरून जाते. पोटात चौदा सुया खाल्लेल्या अण्णांनी हे काम दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. सुई आधी तळहातात धरून कोमट करायचे, टोचताना तिच्याशी कानडीत दोन शब्द बोलायचे. ती हलायची नाही.

रात्रीची फेरी तिने सोडली नाही. शेवटी शेवटी प्रत्येक दाराशी बसत बसत जायची. मग अण्णांनीच सुचवलं आणि आम्ही सगळ्यांनी अंथरुणं बाहेरच्या खोलीत आणली, म्हणजे तिला एका जागेवरून सगळे दिसतील. २०२२च्या सुरुवातीला तिने पाणीही सोडलं. डॉक्टर घरी आले. यातना वाढवण्यात आता अर्थ नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि आम्हाला ते दिसतच होतं. तिचं डोकं अण्णांच्या मांडीवर होतं. आम्ही पाचही जण घरात होतो आणि तिने प्रत्येकाकडे पाहून घेतलं होतं.

त्यानंतर मी त्या शेल्टरमध्ये दर रविवारी जायला लागले. २०२३मध्ये नसबंदीचे नवे नियम आले, २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली कुत्री शेल्टरमध्ये हलवायचा आदेश दिला आणि काही दिवसांतच तो बदलून लसीकरण-नसबंदीनंतर बहुतेक कुत्री मूळ जागी सोडायला सांगितलं. आमच्याही शहरात वाद पेटले. चावा घेतलेल्या मुलाच्या आईचं दुःख खरं आहे, ते अण्णांमुळे मला त्यांच्या लहानपणीच्या सुयांपर्यंत माहीत आहे, आणि लस व नसबंदी जिथे नीट होत नाही तिथे ती झालीच पाहिजे. पण या वादात कुत्रं म्हणजे कुठूनतरी उगवलेलं, कोणाचंच नसलेलं जनावर असं धरून सगळे बोलतात. तसं कुत्रं मी अजून पाहिलेलं नाही. प्रत्येकाला कुठेतरी कोणीतरी हाक मारलेली असते.

म्हणून मी शेल्टरमध्ये एक वही सुरू केली आहे. मोठ्या कुत्र्यांच्या कागदावर वजन, लस, नसबंदी, आजार एवढंच लिहिलेलं असतं. माझ्या वहीत त्यांच्या सवयी आहेत. कुठल्या भाषेतल्या शब्दाला मान वळवतो, काय खाताना डोळे मिटतो, कुठला आवाज आला की उठतो. एक तांबूस कुत्रा होता, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज मोबाइलवर ऐकवला की उठून बसायचा; तो कुठल्यातरी रसवंतीवर वाढलेला असणार. एक पांढरी म्हातारी आहे, घंटा वाजली की उंबऱ्याबाहेर बसते आणि काहीतरी समोर पडेपर्यंत हलत नाही; तिला देवळाच्या पायरीचा प्रसाद ठाऊक आहे. एक उंच पायांचा आहे, तो कोणी काठी आडवी धरली की लगेच उजवीकडून वळसा घालतो. त्याने मेंढरं राखली आहेत. ज्या घरी ते जातात, त्या घराला मी ते पान फाडून देते. तांबूस कुत्रा मागच्या महिन्यात नव्या घरी गेला. नेणारे आजोबा म्हणाले, "आमच्या कोपऱ्यावर रसवंती आहे."

मोठं कुत्रं घरी आणायला लोक कचरतात, कारण त्याला आपण घडवलेलं नसतं. मी त्यांना गोदाबद्दल सांगते. तिला घडवणारी माणसं आमच्या आधीची होती आणि त्यांनी ते काम फार चांगलं केलं होतं. राखण कशी करायची, मूल कसं सांभाळायचं, माणसं कशी मोजायची हे सगळं शिकवून त्यांनी तिला आमच्यापर्यंत पोचवलं. त्यांना जे परिस्थितीने पुढे करू दिलं नाही, ते आमच्या वाट्याला आलं. शेल्टरमध्ये जाल तेव्हा पिल्लं जरूर बघा, पण नंतर थोडा वेळ मागच्या शेडमध्येही बसा. तिथलं एखादं कुत्रं कुणाच्या तरी घरचं अर्धं सोडलेलं आयुष्य घेऊन बसलेलं असेल. ते पुढे न्यायला एक घर पुरतं.